जावेचा रकाना

“मेल्यांनी लुगडं नेसवलं का गाठोडं बांधलं?” आत्या माझ्या कानाशी पुटपुटल्या. “बसले तर उठता यायचं न्हाई, आन् उठले तर सुटंल.”

मी त्यांच्या निऱ्या धरून जमिनीवर बसले होते. मेकअपवाली पोरगी तोंडात टाचण्या धरून आत्यांच्या पाठीमागं उभी होती. “आजी, हलू नका,” ती टाचण्यांच्या फटीतून म्हणाली.

“हलू कुटं? कुटं जागा ठेवलीया का हलाया?”

खरंच ठेवली नव्हती. स्वयंपाकघरात दोन मोठे दिवे, एक कॅमेरा, जमिनीवर सापांसारख्या पसरलेल्या वायरी, आणि आम्ही. खिडक्यांना बाहेरून काळं कापड ठोकलेलं. पंखा बंद, कारण त्याचा आवाज माईकमध्ये येतो. पुढचं दार बंद, कारण रस्त्यावरची पोरं डोकावतात. वैशाखातला शनिवार, कराडचं ऊन, आणि आम्ही सकाळी सहापासून आमच्याच घरात कोंडलेलो. याला चौदा वर्षं झाली, पण त्या दिव्यांची धग अजून माझ्या गालाला आठवते.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, अनुसयाबाई घारगे. तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या घरात गाऊन घालायच्या आणि लग्नाकार्याला पाचवारी. पण जाहिरातीतली आजी गाऊन घालत नाही. तिला नऊवारी लागते, म्हणून पुण्याच्या कुठल्याशा नाटकवाल्यांकडून भाड्यानं लुगडं आणलं होतं. त्याला आधीच्या आजीच्या पावडरचा वास येत होता.

जाहिरात ‘मायघास मसाले’ या कंपनीची. तिचं ब्रीद होतं, ‘खऱ्या घरातली खरी माणसं, खरी चव.’ तर आमचं घर खरं दिसावं म्हणून त्यांनी दोन टेम्पो भरून सामान आणलं. पितळी पातेली, पाटा-वरवंटा, बांबूची सुपं. थर्माकोलचं तुळशीवृंदावनही होतं. ते एका पोरानं एका हातात उचलून आणलं आणि माझ्या तेलाच्या डब्यातल्या तुळशीसमोर ठेवलं. माझी तुळस खरी होती, पण कॅमेऱ्याला डबा दिसत होता.

आमचं जे सामान खरं होतं ते अडचणीचं ठरलं. टीव्ही, कूलर, मिक्सर, प्लास्टिकच्या खुर्च्या, खताच्या कंपनीचं कॅलेंडर, आमचा जुना फ्रीज, सगळं मागच्या खोलीत गेलं.

मग पाळी आली आमच्या ह्यांची. हे मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतात, त्या दिवशी दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. दिग्दर्शक अंशुमन नावाचा तिशीतला मुलगा होता, डोक्याला रुमाल बांधलेला. त्यानं ह्यांना पाटावर बसवलं आणि म्हणाला, “सर, पहिला घास घेतला की आनंद दाखवा.”

ह्यांनी घास घेतला.

“सर, आनंद.”

“दाखवला की.”

“जरा टेन्शन दिसतंय चेहऱ्यावर. लाइटबिल आल्यासारखं.”

“माझा आनंद असाच असतो,” हे म्हणाले. सोळा वर्षांचा संसार झालेला, मी साक्ष देऊ शकले असते.

नऊ वाजता पुण्याहून गाडी आली आणि तिच्यातून दुसरा माणूस उतरला. गोरा, दोन दिवसांची मुद्दाम ठेवलेली दाढी, दात असे की मोजावेसे वाटावेत. कंपनीच्या रेवती मॅडमनी माझी ओळख करून दिली, “वैजयंताताई, हे तुमचे मिस्टर.”

“नमस्कार,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

माझे खरे मिस्टर तोवर बाहेर गेले होते. शूटिंगवाल्यांचा जनरेटर बंद पडला होता, तो उघडून बसले. तिथं त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता, पण तो कुणी टिपला नाही.

हे सगळं मी ओढवून घेतलेलं. जानेवारीत वर्तमानपत्राच्या पुरवणीत एक कूपन आलं होतं, ‘माझ्या सासूबाईंच्या हातची चव’. पन्नास शब्दांत लिहून पाठवा, पहिल्या नंबराला दोन दारांचा फ्रीज आणि जाहिरातीत काम. मी शाळेत नववीपर्यंत गेले, पुढचं सगळं शिक्षण किराणाच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. छापलेलं काहीही दिसलं की मी वाचते, आणि रिकामी ओळ दिसली की भरते. मी लिहिलं, ‘आमच्या घरच्या कांदा-लसूण मसाल्याची फोडणी पडली की रस्त्यानं चाललेला माणूस सायकलवरून उतरतो.’ यात एक अक्षर खोटं नव्हतं. पोस्टमन दोनदा उतरला होता.

खोटं होतं ते वर. वर दोनच रकाने होते. ‘सासूबाईंचे नाव’ आणि ‘सूनबाईंचे नाव’. मी पहिल्यात आत्यांचं नाव घातलं, दुसऱ्यात माझं.

तो मसाला शालनअक्कांचा होता. जावेला रकानाच नव्हता.

शालनअक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. थोरले भाऊजी तापानं गेले त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. अक्का इथंच राहिल्या. लग्न होऊन आल्या त्या उन्हाळ्यापासून मसाला त्यांच्याकडं. आत्यांच्या हातच्या मसाल्याला भाऊजी ‘काढा’ म्हणायचे, हे आत्या स्वतःच सांगायच्या. वैशाख लागला की अक्का गच्चीवर मिरच्या पसरायच्या, कांदा चिरून दोन दिवस वाळवायच्या. मग एकेक जिन्नस वेगळा भाजायच्या, मूठ नाकाशी न्यायच्या, डोळे मिटायच्या. त्या वेळी कुणी बोललं की म्हणायच्या, “गप. ऐकू येईना.” नाकानं ऐकणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. त्यांचं माप कशातच लिहिलेलं नव्हतं. पाव्हण्यारावळ्यांना डबे भरून जायचे. घ्यायला आलेले लोक आत्यांना म्हणायचे, “अनुसयाबाई, काय चव हो तुमच्या घरची!” आणि आत्या म्हणायच्या, “घ्या की अजून.”

अक्कांची शाळेतली मैत्रीण प्रमिला विट्याला गृहउद्योग चालवायची. पापड, कुरडया, लोणची. तिला मसाला सुरू करायचा होता आणि तो अक्कांच्याच हातचा. पाकिटावर नाव द्यायचं ठरलं होतं, ‘शालनचा मसाला’. राहायला खोली, आणि निम्मी भागी. पहिल्यांदा तिनं विचारलं तेव्हा माझं दुसरं बाळंतपण होतं. दुसऱ्यांदा आत्यांचा गुडघा. तिसऱ्यांदा आमच्या थोरल्याची दहावी. अक्कांना कुणी नको म्हटलं नाही. जा असंही कुणी म्हटलं नाही. आमच्या घरात नाही म्हणायची पद्धत अशी होती की ‘बघू की’ म्हणायचं आणि अजून एक वाटी आमटी वाढून घ्यायची.

त्या आठवड्यात प्रमिलाचा चौथा निरोप आला होता. सोमवारपर्यंत काय ते सांग, नाहीतर मी दुसरी बाई बघते.

आणि शनिवारी आमच्याकडं शूटिंग.

अक्कांना कूपनाचं मी पाठवल्यावर सांगितलं होतं. त्या हसल्या होत्या. “फ्रीज आला तर खालचा कप्पा माझा,” म्हणाल्या होत्या. फ्रीज आला नाही, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही त्याची वाट बघत बसणार नाही.

त्या दिवशी सकाळी अक्का स्वच्छ आकाशी साडी नेसून स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा रेवती मॅडमनी अंशुमनकडं बघितलं, अंशुमननं कॅमेऱ्याकडं बघितलं, आणि कॅमेऱ्यानं कुणाकडंच बघितलं नाही.

“ह्या कोण?”

“माझ्या जाऊबाई,” मी म्हणाले.

रेवती मॅडम वाईट बाई नव्हती. तिनं मला कोपऱ्यात घेऊन अगदी हळू सांगितलं, “ताई, राग मानू नका. त्यांचं कपाळ... म्हणजे फ्रेममध्ये जरा सॅड वाटतं. आपला ब्रँड हॅपी आहे ना.”

“आत्यांचंही कपाळ मोकळंच आहे की.”

“आजींचं चालतं. ते अनुभवाचं दिसतं.”

म्हणजे अडुसष्टाव्या वर्षी अनुभव, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी सॅड. मधे कुठं बदल होतो ते विचारायचं राहिलं.

ती कितीही हळू बोलली तरी ते घर केवढंसं. अक्कांनी ऐकलं होतं. “मी बसते की मागं,” त्या म्हणाल्या. “माझं कपाळ सॅड आहे होय? मला इतके दिवस वाटलं नुसतं मोठं आहे.”

आत्या लुगड्याच्या काठाशी चाळा करत राहिल्या. अक्का आत गेल्या, टीव्ही, कूलर आणि खुर्च्यांच्या मधे. आमच्या घरातलं जे जे जाहिरातीत बसत नव्हतं ते सगळं आता एका खोलीत होतं.

त्या खोलीचं दार वाऱ्यानं करकरायचं. माईकवाला मुलगा म्हणाला, “ताई, तेवढी कडी लावता का?”

कडी बाहेरून होती. मी लावली.

पहिला शॉट मसाला भाजायचा. आत्यांनी लोखंडी कढईशी बसायचं, एकेक जिन्नस घालायचा, मी शेजारी कौतुकानं बघायचं. अंशुमननं सांगितलं, “आजी, तुम्ही नेहमी करता तसंच करा. नॅचरल.”

आत्यांनी समोरच्या सुपांकडं बघितलं. धने, जिरं, तीळ, खसखस, खोबरं, दगडफूल. मला त्यांच्या मानेवरचा घाम दिसत होता. त्यांनी ठामपणे मूठभर खोबरं उचललं आणि तापलेल्या कढईत टाकलं.

“खोबरं नंतर!” दारामागून आवाज आला. “आधी धने, आत्या! करपंल ते!”

“कट! कोण बोललं?”

आत्या कढईत बघत राहिल्या. सगळे माझ्याकडं बघत होते.

“शेजारच्या आहेत,” मी म्हणाले. “भिंतीला भिंत लागून आहे.”

तोंडातून निघून गेलं. खोटं आहे हे रेवती मॅडमना आणि अंशुमनलाही कळलं असणार, पण दोघांनी ते चालवून घेतलं. दारापलीकडं एकदम शांत झालं. इतकं की माईकवाल्यानं अंगठा वर केला, छान.

खोबरं करपलंच. दुसरं घातलं. या वेळी धने आधी. पुन्हा आवाज आला नाही. तीळ जास्त तडकले तरी नाही. दगडफूल उगाच मूठभर पडलं, ते अक्का चिमटीनं घालायच्या, तरी नाही. एवढी शिक्षा त्यांनी आम्हाला कधीच केली नव्हती.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. खायला त्यांनीच पुलाव मागवला होता, कारण कॅमेऱ्यासमोरच्या वांग्याच्या भाजीवर चकाकीसाठी ग्लिसरीन ओतलेलं होतं. माझे नवे मिस्टर कोपऱ्यात पुलाव न खाता काकडी खात होते. रेवती मॅडमनी माझ्या हातात एक छापील कागद दिला.

“शेवटचा शॉट झाला की आजींची सही लागेल. तुम्ही त्यांना समजावून सांगा. फॉर्मॅलिटी.”

मी वाचला. छापलेलं म्हटल्यावर मी वाचणारच, आणि शेवटपर्यंत वाचणार. चौथ्या कलमात होतं, ‘सदर मसाल्याची कृती ही माझी स्वतःची असून घरातील अन्य कोणाचाही तिच्यावर हक्क नाही. ती मी कंपनीस कायमची देत आहे. यापुढे मी अथवा माझ्या कुटुंबातील कोणीही ती कृती विक्रीसाठी वापरणार नाही.’ खाली पाकिटाचं रंगीत चित्र. त्यावर आत्यांचा चेहरा येणार होता. ‘घारगे आजींचा मसाला.’

मी कागद घेऊन मागच्या दारानं बाहेर गेले. हे जनरेटरच्या पोटात हात घालून बसले होते.

“हे वाचा. अक्कांना विट्याला मसाला करताच यायचा नाही. नाव लावायचं तर लांबच.”

त्यांनी काळे हात न लावता, मी धरलेला कागद वाचला. पुन्हा वाचला. मग स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागले. तो त्यांच्या हातातच होता.

“अहो.”

“बघू की,” हे म्हणाले.

मी पाण्याचा तांब्या आणि पुलावाची ताटली घेतली, कडी काढली आणि अक्कांकडं आत गेले. खोलीत हवा नव्हती. अक्का फ्रीजला पाठ लावून खाली बसल्या होत्या. फ्रीज बंद होता, पण त्याचा गारवा अजून असेल अशा आशेनं.

“या शेजारीणबाई,” त्या म्हणाल्या.

“अक्का...”

“पुलाव आणलास होय. ठेव. आत्यांनी दगडफूल किती घातलं? मला वास आला. केस धुवायला निघाल्यासारखं घातलंय.”

मी कागद पुढं केला. त्यांनी तो खुर्च्यांच्या फटीतून येणाऱ्या उजेडात धरला. चौथ्या कलमापाशी त्यांचं बोट थांबलं.

“कायमची,” त्या म्हणाल्या.

“मला ठाऊक नव्हतं, अक्का. कूपनावर असलं काही नव्हतं.”

“तुला कसं ठाऊक असणार.” त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली. “करू दे सही. चवीला काय सातबारा असतो?”

“आणि विटा?”

“विट्याला काय सांगायचं ते मी सांगीन. पापड लाटायला ठेव म्हणीन प्रमिलाला.”

“मी बोलते बाहेर जाऊन. सांगते त्यांना मसाला कुणाचा ते.”

अक्का माझ्याकडं बघून हसल्या. ते हसणं वाईट नव्हतं, म्हणूनच लागलं. “वैजू, अकरा वर्षांत पाव्हण्यांसमोर बोलली नाहीस. घरातल्या घरात बोलली नाहीस. आता टीव्हीवर बोलणार होय?”

मला बोलायचं होतं की अक्का, तुम्ही गेलात तर माझ्या पोरांना कोण बघेल, सणाला पंधरा माणसांचा स्वयंपाक मी एकटी कशी उरकू, आत्यांच्या गुडघ्याला तेल कोण लावेल. हेच सगळं होतं माझ्या ‘बघू की’च्या पोटात. त्यातलं एकही म्हणण्यासारखं नव्हतं. मी म्हणाले, “पाणी तरी प्या.”

“पिते. जा तू. तुझे मिस्टर वाट बघत असतील. कुठला गं हा? चांगला दिसतोय, पण भूक नाही त्याच्या तोंडावर.”

मी बाहेर आले आणि कडी लावली. या वेळी मला कुणी सांगितलंही नव्हतं.

शेवटचा शॉट संवादाचा. सगळे पंगतीला बसलेले, नवे मिस्टर घास घेऊन डोळे मिटतात. मी विचारायचं, “आत्या, एवढी चव कशी हो? गुपित काय?” आत्यांनी माझ्या गालाला हात लावून म्हणायचं, “गुपित कसलं, पोरी? माया!” मग पाकीट दिसणार. एवढंच.

पहिल्या वेळी आत्या म्हणाल्या, “गुपित कसलं, पोरी?” आणि गप्प.

“आजी, माया.”

“काय?”

“माया म्हणायचं.”

दुसऱ्या वेळी त्यांनी माझ्या गालाऐवजी कानाला हात लावला. तिसऱ्या वेळी ‘माया’ म्हणाल्या, पण अशा आवाजात की कुणी गेल्याचं सांगतायत. पाचव्या वेळी दिवा गेला. सातव्या वेळी नव्या मिस्टरांना ठसका लागला, बिघडलेल्या मसाल्याची फोडणी कॅमेऱ्याला दिसत नसली तरी घशाला कळतेच. खरे मिस्टर जनरेटर सुरू करून आत आले होते आणि दाराशी भिंतीला टेकून उभे होते. कुणीतरी माझ्या कपाळावरचा घाम टिपत होतं आणि त्याच रुमालानं कुंकू पुन्हा सरळ करत होतं. हे कुंकू त्यांनी सकाळपासून तीनदा मोठं केलं होतं.

अकराव्या वेळेनंतर अंशुमन जमिनीवर बसला. “आजी, काय अडचण आहे? तुमचीच तर गोष्ट आहे.”

“अडचण कसली,” आत्या म्हणाल्या. “ध्येनात ऱ्हाईना.”

पण ज्या बाईला पंचवीस वर्षांपूर्वी कुणी आहेरात कुठलं पातळ दिलं ते काठासकट ध्यानात असायचं, तिच्या ध्यानात एक शब्द राहीना, हे मला पटलं नाही. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मागच्या खोलीच्या दाराकडं तर दिवसभरात एकदाही बघितलं नव्हतं.

“पाच मिनिटं घेऊ,” रेवती मॅडम म्हणाल्या. “तोवर ताई, आजींना कागद समजावता का?”

आत्यांना वाचता येत नव्हतं. आमच्या घरी कागद आला की तो मी वाचायचा आणि काय वाचायचं ते मी ठरवायचं. दवाखान्याचे रिपोर्ट वाचताना मी कितीतरी ओळी गाळल्या होत्या. आत्ताही म्हणता आलं असतं, काही नाही आत्या, फ्रीजची पावती आहे.

मी मोठ्यांदा वाचला. पहिल्या कलमापासून. खिडक्या झाकलेल्या, पंखा बंद, माझा आवाज त्या घरात मला स्वतःलाच परका वाटत होता. चौथं कलम आलं तेव्हा मी सावकाश वाचायला लागले. ‘कृती ही माझी स्वतःची असून घरातील अन्य कोणाचाही तिच्यावर हक्क नाही.’ थोडी थांबले. ‘यापुढे माझ्या कुटुंबातील कोणीही ती कृती विक्रीसाठी वापरणार नाही.’

“कुटुंबातील म्हंजी?” आत्यांनी विचारलं.

“म्हणजे आपल्यातलं कुणीही, आत्या.”

“कुणीबी?”

“कुणीही.”

हे भिंतीपासून सुटून ताठ उभे राहिले, काही बोलतील असं वाटलं, आणि पुन्हा टेकले. दारामागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माईकवाल्यानं मान वर केली, पण काही विचारलं नाही.

“चला, फ्रेश आहे का सगळं? बारावा,” अंशुमन म्हणाला. दिवे लागले. माझ्या गालांवर पुन्हा ती धग. नव्या मिस्टरांनी घास घेतला, डोळे मिटले. कागद मी पाटाखाली सरकवला होता, त्याचं टोक माझ्या पावलाला टोचत होतं.

आता माझं वाक्य. दुपारपासून अकरा वेळा म्हटलेलं. मी आत्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं. या वेळी खरंच विचारलं.

“आत्या, एवढी चव कशी हो? गुपित काय?”

आत्यांनी माझ्या गालाला हात लावला. हात थंडगार होता, त्या एवढ्या उकाड्यात. मग त्या मागच्या खोलीच्या दाराकडं बघत राहिल्या. कुणी कट म्हटलं नाही.

“गुपित?” त्या म्हणाल्या. “त्या खोलीत कोंडलंय. फ्रीजसंगं.”

“आजी, लाईन...” अंशुमन.

“लाईनच म्हणतीया. तू थांब रं जरा.” त्यांनी हात टेकवून उठायला बघितलं. लुगड्याची गाठ सुटली, टाचण्या तटतट निघाल्या, निऱ्या पायात आल्या. मी धरायला गेले तर त्यांनी मला बाजूला केलं. एका हातानं लुगडं कमरेशी गोळा करून, दुसऱ्या हातानं भिंत धरून, त्या ऑपरेशनच्या गुडघ्यानं त्या दारापर्यंत गेल्या. कडीला हात लावला आणि मागं वळल्या. कॅमेऱ्याकडं नाही. ह्यांच्याकडं, आणि मग माझ्याकडं.

“ह्या शूटिंगवाल्यांपायी आज सकाळच्याला कडी लावली म्हणून कशाला रडायचं?” आत्या म्हणाल्या. “आपून अकरा वर्सं लावलीया. शालनला जायाचं हाय. चारदा बोलावणं आलं तिला. आन् आपून तिला जाऊ देत न्हाई.”